जपानी काष्ठठसाचित्रे : द्वीपदृश्यांपासून अजिंठा-वेरूळपर्यंत

लाकडी ठशांवरून हातकागदावर रंगीत चित्रे छापण्याची जपानी कला ‘उकियो-ए’ या नावाने जगाला परिचित आहे. प्रारंभी तिचे विषय नाट्यगृहातील नट, नगरवधू, मल्ल व नागर जीवनातील करमणुकी हे होते. निसर्गदृश्य हा विषय तीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रतिष्ठा पावला आणि त्यातही समुद्र, किनारे व बेटे यांना मोठे स्थान मिळाले. याच परंपरेतून पुढे आलेले चित्रकार योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) यांनी १९३०च्या अखेरीस भारताचा प्रवास केला आणि परतल्यावर अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांसह अनेक भारतीय स्थळांची काष्ठठसाचित्रे सिद्ध केली. महाराष्ट्रातील स्थळे जपानी ठशांवर उतरल्याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण आहे. मात्र ते एकाएकी घडले नाही. त्यामागे जपानी मुद्राचित्रांचा इतिहास आहे, तसाच अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचाही एक दुर्दैवी इतिहास आहे.

तंत्र : चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. ते चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथे चिकटवून कोरक्या त्यावरून रेषांचा मुख्य ठसा कोरीत असे. प्रत्येक रंगासाठी बहुधा स्वतंत्र ठसा लागे. पाण्यात कालवलेला रंग ठशावर ब्रशाने लावून, त्यात थोडी तांदळाची खळ मिसळून, वर ओलसर कागद ठेवीत आणि ‘बारेन’ नावाच्या चकतीने तो पाठीमागून घाशीत. दाबयंत्राचा वापर मुळीच नसे. कागद तुतीच्या कुळातील कोझो झाडाच्या सालीचा असून त्यास सरस व तुरटी यांचा हात दिलेला असे. सर्व रंग एकमेकांशी नेमके जुळावेत म्हणून प्रत्येक ठशाच्या कडेला ‘केंतो’ नावाच्या दोन खाचा ठेवीत व त्यांत कागदाची कड बसवीत. हे सर्व वाचताना आपल्याकडील कापड छापणाऱ्या रंगाऱ्याचे ठसे आठवणे साहजिक आहे. तोही रंगागणिक ठसा बदलतो व जुळणीसाठी खुणा धरतो. फरक हा, की जपानी मुद्रक ठशावरील ओल्या रंगाची दाटी ब्रशाने एका कडेकडे कमीकमी करीत नेई आणि त्यायोगे गडद निळ्यापासून पांढुरक्यापर्यंतचा छटाक्रम एकाच दाबात साधी. यास ‘बोकाशी’ म्हणतात. आकाश आणि समुद्र या दोन्हींचे चित्रण या एका युक्तीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

अनेक रंगांची छपाई १७६५च्या सुमारास सुझुकी हारुनोबू याच्या काळात रूढ झाली. समुद्रदृश्यांना मात्र आणखी एका गोष्टीची वाट पाहावी लागली. पारंपरिक वनस्पतिज निळा रंग लवकर फिका पडे व त्यात खोली नसे. परदेशातून येणारा ‘प्रशियन निळा’ हा रंग १८३०च्या सुमारास मुबलक मिळू लागला आणि पाण्याचे चित्रण पालटून गेले. होकुसाईची (१७६०–१८४९) ‘फूजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ ही माला त्याच वेळची. (तिच्यातील चित्रे प्रत्यक्षात शेहेचाळीस आहेत.) या मालेत एनोशिमा व त्सुकुदा ही बेटे येतात. एनोशिमाचे महत्त्व भारतीय वाचकास विशेष वाटावे. ओहोटीच्या वेळी वाळूवरून चालत जाता येईल अशा या बेटावर बेंझाइतेन या देवतेचे स्थान आहे आणि बेंझाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेली आपली सरस्वती होय. विद्या व वाद्य यांची ही देवता तेथे जलाशी व बेटांशी जोडली गेली. बिवा सरोवरातील चिकुबू बेट आणि अंतर्गत समुद्रातील इत्सुकुशिमा हीही तिची प्रसिद्ध क्षेत्रे आहेत. बेटांच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळाले ते काही अंशी यात्रेकरूंमुळे.

न पाहिलेली बेटे : होकुसाईने १८३२च्या सुमारास ‘र्‍यूक्यूची आठ दृश्ये’ ही माला केली. र्‍यूक्यू म्हणजे आजचा ओकिनावा द्वीपसमूह. तेथील राज्य १६०९ मध्ये सात्सुमाच्या सरदाराने जिंकून अंकित केले होते, तरी चीनच्या सम्राटाचे मांडलिकत्वही ते नांदवीत होते. तेथील राजाचे दूत अधूनमधून एडोला (आजच्या टोकिओला) येत. १८३२ मध्ये असे दूतमंडळ आले आणि नगरात र्‍यूक्यूविषयी कुतूहल उसळले. प्रकाशकाने संधी साधली. होकुसाई त्या बेटांवर कधी गेला नव्हता. १७५६ मध्ये र्‍यूक्यूला गेलेल्या एका चिनी राजदूताच्या ग्रंथात आठ दृश्यांची साधी रेखाटने होती व त्या ग्रंथाची जपानी आवृत्ती १८३१ मध्ये निघाली होती. होकुसाईने त्यांनाच रंग, माणसे व होड्या दिल्या. उष्ण हवेच्या त्या बेटांपैकी एका दृश्यावर त्याने बर्फही पाडले आहे. रचनेच्या दृष्टीने ही चित्रे अत्यंत सुंदर आहेत, परंतु भूगोलाचा पुरावा म्हणून त्यांना काही किंमत नाही. ज्या राज्याचे हे काल्पनिक दर्शन एडोवासीयांनी हौसेने विकत घेतले, ते राज्य १८७९ मध्ये जपानने खालसा केले.

हिरोशिगे (१७९७–१८५८) याची गोष्ट फार वेगळी नाही. ‘साठ-एक प्रांतांतील प्रसिद्ध स्थळे’ ही त्याची माला १८५३ ते १८५६ या काळात प्रसिद्ध झाली. तीत ओकी, इकी, त्सुशिमा, सादो, आवाजी हे बेटरूपी प्रांत आहेत, आकी प्रांतासाठी इत्सुकुशिमा आहे आणि आवा प्रांतासाठी नारुतोच्या सामुद्रधुनीतील भोवऱ्यांचे अविस्मरणीय चित्र आहे. यांपैकी बरीच स्थळे त्याने स्वतः पाहिलेली नव्हती. छापील प्रवासग्रंथांतील रेखाटने त्याच्या हाताशी होती. तरीही पाऊस, संधिप्रकाश व धुके यांच्या चित्रणात त्याच्या अनुभवाचा खरेपणा जाणवतो. स्थळ उसने असले, तरी हवा त्याची स्वतःची आहे.

नव-मुद्राचित्रांचा उदय : १८६८ नंतर छायाचित्रण व शिलामुद्रण यांनी ही कला झपाट्याने मागे सारली. याच काळात महाराष्ट्रातही लोकांच्या घरांतील चित्रे पालटत होती, पण वेगळ्या वाटेने. लाकडी ठशावरील चित्रांची अशी नागर परंपरा आपल्याकडे नव्हती. १८०५ मध्ये मिरजेस भगवद्‌गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून, आणि पुढे मराठी मुद्रणाने प्रथम शिळाछापाचाच मोठा आश्रय घेतला. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेली चित्रशाळा आणि १८९४ मध्ये मुंबईत निघून पुढे मळवलीस गेलेला राजा रविवर्मा यांचा छापखाना यांनी देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे दगडावरून छापून घरोघर पोहोचविली. जपानमध्ये जे तंत्र जुन्या कारागिराच्या पोटावर आले, तेच महाराष्ट्रात चित्रकलेला प्रथमच सामान्य माणसाच्या भिंतीवर घेऊन आले. दोन्ही इतिहास शेजारी ठेवले असता यंत्राविषयीची सरसकट विधाने करण्याचे धाडस होत नाही.

टोकिओतील प्रकाशक वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जुन्या पद्धतीची चित्रकार, कोरक्या, मुद्रक व प्रकाशक अशी चौकडी पुन्हा उभी केली. तिच्यातून निघालेल्या चित्रांना ‘शिन-हांगा’ म्हणजे ‘नवी मुद्राचित्रे’ म्हणतात. कावासे हासुई (१८८३–१९५७) हे त्यांतील प्रमुख निसर्गचित्रकार. सादो बेट आणि मात्सुशिमाची पाइनवृक्षांनी झाकलेली बेटे त्यांनी प्रत्यक्ष पायपीट करून, तेथेच रेखाटून मग ठशांवर आणली. होकुसाईच्या र्‍यूक्यूपासून येथवर झालेला मुख्य बदल हाच आहे.

योशिदा हिरोशी यांचा जन्म क्यूशू बेटावरील कुरुमे येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव उएदा. कलाशिक्षक असलेल्या योशिदा यांनी त्यांना दत्तक घेतले. क्योटो व टोकिओ येथे पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचे शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते एका मित्रासह अमेरिकेस गेले. डिट्रॉइट येथील संग्रहालयात त्यांच्या जलरंगचित्रांचे प्रदर्शन झाले व चित्रे खपलीही. तैलरंग व जलरंग यांत नाव मिळविल्यानंतर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९२० मध्ये त्यांनी वातानाबे यांच्यासाठी पहिले मुद्राचित्र केले. १९२१ मध्ये अंतर्गत समुद्रातील गलबतांची तीन चित्रे झाली. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकिओ परिसरात प्रचंड भूकंप होऊन शहराला आग लागली आणि वातानाबे यांच्या दुकानाबरोबर हे ठसे व उरलेल्या प्रती जळाल्या.

भूकंपग्रस्त चित्रकारबंधूंच्या साहाय्यार्थ त्यांची व स्वतःची चित्रे विकण्यासाठी योशिदा पुन्हा अमेरिकेस गेले. तेथे तैलचित्रांपेक्षा मुद्राचित्रांना अधिक मागणी असल्याचे त्यांना आढळले. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी प्रकाशकावर न विसंबता स्वतःची कार्यशाळा उघडली, कोरके व मुद्रक नोकरीस ठेवले आणि स्वतः कोरण्याचे व छापण्याचे कामही शिकून घेतले. त्यांच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या समासात ‘जिझुरी’ (स्वतः छापलेले) असा शिक्का असतो. त्याचा अर्थ प्रत्येक प्रत त्यांनी हाताने छापली असा नव्हे. मुद्रक पगारीच असत, पण कोणती छटा किती दाट हवी हे ठरविण्याचा अधिकार प्रकाशकाकडून चित्रकाराकडे आला. जुन्या एका चित्रास दहा-पंधरा दाब पुरत, तेथे योशिदा यांच्या चित्रास सरासरी तीसहून अधिक लागत. निक्को येथील योमेइ दरवाजाच्या चित्रास (१९३७) शहाण्णव दाब दिलेले आहेत. इतके दाब देऊनही कागद फाटत वा ताणत नाही, हे मुद्रकांचे कौशल्य. त्यांची नावे मात्र चित्रावर नाहीत.

भूकंपात गेलेली गलबते त्यांनी १९२६ मध्ये पुन्हा केली. या वेळी चित्र मोठे, सु. ५० सेंमी. उंचीचे होते. होन्शू, शिकोकू व क्यूशू यांच्यामध्ये पसरलेल्या सेतो या अंतर्गत समुद्रात लहानमोठी शेकडो बेटे आहेत. त्यांच्यामधून शिडे उभारून येणाऱ्या गलबतांचे एकच रेखाटन घेऊन योशिदा यांनी तेच ठसे वेगवेगळ्या रंगांत छापले व सकाळ, दुपारच्या आधीची वेळ, दुपार, धुके, सायंकाळ आणि रात्र अशी सहा चित्रे सिद्ध केली. ठसा तोच राहून केवळ शाई बदलल्याने सकाळची उब रात्रीच्या गारव्यात पालटते. फ्रेंच चित्रकार मोने याने गवताच्या गंजी वेगवेगळ्या प्रकाशात पुनःपुन्हा रंगविल्या होत्या, त्याची येथे आठवण होते. परंतु मोनेस दर वेळी नवा फलक घ्यावा लागला. ठसे पुन्हापुन्हा वापरण्याची सोय जपानी तंत्रातच होती, तिचा असा नेटका उपयोग त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. त्याच वर्षीच्या ‘चकाकणारा समुद्र’ या चित्रात गोल धारेच्या हत्याराने ठशावर बारीक तुटक खुणा कोरून लाटांवरील उन्हाची चमक दाखविली आहे. सेतोचा हा प्रदेश १९३४ मध्ये जपानच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक म्हणून घोषित झाला. पुण्याशी मैत्रीचे नाते असलेले ओकायामा हे शहर याच समुद्राच्या काठी आहे. तेथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्याला केलेले पु. ल. देशपांडे उद्यान पुणेकरांना परिचित आहे.

भारतयात्रा : योशिदा १९३०च्या अखेरीस थोरला मुलगा तोशी (१९११–१९९५) यास बरोबर घेऊन निघाले. रंगून, कलकत्ता, दार्जिलिंग, बनारस, आग्रा, दिल्ली, अमृतसर, लाहोर, जयपूर, उदयपूर, सांची, मदुरा अशी त्यांच्या चित्रांतील स्थळांची यादी मोठी आहे. परतल्यावर १९३१-३२ मध्ये ‘भारत व आग्नेय आशिया’ या मालेची बत्तीस चित्रे छापून झाली. ताजमहालाच्या चित्रांत त्यांनी गलबतांचीच युक्ती वापरून वेळ पालटली आहे. ‘उदयपूरचे द्वीपमहाल’ (१९३१) या चित्रात अंतर्गत समुद्रावर कमावलेली दृष्टी पिछोला सरोवरावर आली आहे. पाण्यातून उगवल्यासारखी वास्तू व तिचे प्रतिबिंब हा विषय त्यांच्या हातातलाच होता.

अजिंठा आणि वेरूळ यांचे तसे नव्हते. ही स्थळे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. वेरुळाजवळचे मोठे शहर औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे मूळचे मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले ‘खडकी’. पुण्यालगतची छावणीची खडकी ती निराळी, पण दोन्ही नावांत या पठाराचा काळा दगडच बोलतो. हा दगड म्हणजे बेसाल्ट. उन्हात तो करडा-तपकिरी दिसतो व लेण्याच्या आत शिरताच काळोखात विरून जातो. ज्या कलेचे सारे सामर्थ्य पारदर्शक रंग, ओलसर हवा आणि दूरच्या निळाईत, तिला हा विषय परका होता. पाणी नाही, धुके नाही, क्षितिजही नाही. योशिदा यांनी येथेही आधार घेतला तो प्रकाशाचा : करड्यावर करडा असे अनेक पातळ दाब एकावर एक देऊन दगडाची सावली घडवावयाची, ही त्यांच्या कार्यशाळेची रीत अशा विषयांस उपयोगी पडली. ताजमहालाची चित्रे अधिक लोकप्रिय आहेत, परंतु तंत्राची खरी कसोटी लागली ती लेण्यांतच असे म्हणावे लागते.

या मालेची एक उणीवही नमूद करावयास हवी. १९३०-३१ हा सविनय कायदेभंगाचा काळ होता. योशिदा भारतात असताना देशातील तुरुंग सत्याग्रहींनी भरलेले होते व ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. यांपैकी कशाचीही चाहूल चित्रांत लागत नाही. त्यांतील भारत मंदिरांचा, घाटांचा, गारुड्यांचा व काफिल्यांचा आहे. प्रवासी चित्रकाराची ही मर्यादा जुनीच होती. पुढे चीन-जपान युद्धात ते स्वतः युद्धचित्रकार म्हणून चीनमध्ये गेले.

प्रतिकृती व आगी : अजिंठ्यास गेलेले योशिदा हे पहिले जपानी चित्रकार नव्हेत. नारा परिसरातील होर्‍यूजी या मठाच्या मुख्य मंदिरातील भित्तिचित्रांचे (सातव्या शतकाचा उत्तरार्ध वा आठव्याचा प्रारंभ) अजिंठ्याच्या चित्रांशी असलेले साम्य अभ्यासकांच्या ध्यानात आले होते. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून भारतात आलेले आराई काम्पो (१८७८–१९४५) यांनी १९१७-१८ मध्ये अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या टोकिओ विद्यापीठात ठेवल्या होत्या. ज्या भूकंपाने योशिदा यांचे ठसे जाळले, त्यानेच त्याही नष्ट केल्या.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींवर हा तिसरा घाला होता. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून सु. वीस वर्षे केलेली तैलरंगातील प्रतिचित्रे लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाली. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा कामास लागले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत १८८५ मध्ये त्यांच्याही बऱ्याच प्रती गेल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये छापून निघाले होते म्हणूनच त्या परिश्रमाचे फळ अभ्यासकांच्या हाती राहिले. एकेका प्रतिचित्राला एकच आयुष्य असते. छापलेले चित्र अनेक घरांत विखुरते व त्यातले काही तरी उरते. पुढे गुलाम याझदानी यांनी हैदराबाद संस्थानातर्फे १९३० पासून प्रसिद्ध केलेले खंड आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा १९३२ मधील ग्रंथ यांनी अजिंठ्याचे छापील दर्शन सुलभ केले. दरम्यान मूळ भिंतींवर संरक्षणासाठी चढविलेली रोगणे पिवळी पडून चित्रे झाकोळत चालली होती, हे ध्यानात घेतले असता जुन्या छापांचे मोल अधिकच वाटते.

१९४० मध्ये होर्‍यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा एका गटाचे प्रमुखपद काम्पो यांच्याकडे आले. ते काम अपुरे असतानाच १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. २६ जानेवारी १९४९ रोजी त्या मंदिरास आग लागली व मूळ चित्रे करपून गेली. या वेळी उलटे घडले. मूळ गेले, पण प्रती आणि छायाचित्रे उरली व त्यांच्या आधारे १९६०च्या दशकाच्या अखेरीस भिंतींवर चित्रांची पुनर्रचना करण्यात आली.

योशिदा यांनी आपल्या तंत्राची माहिती देणारा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. तो १९३९ मध्ये टोकिओत प्रसिद्ध झाला. लाकूड निवडण्यापासून बारेन बांधण्यापर्यंतचे सर्व तपशील त्यात आहेत. पूर्वी हे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे तोंडी जाई. ५ एप्रिल १९५० रोजी टोकिओत त्यांचे निधन झाले. त्यांनी केलेल्या मुद्राचित्रांची संख्या सु. अडीचशे आहे. त्यांच्या पत्नी फुजिओ आणि तोशी व होदाका (१९२६–१९९५) हे पुत्र हेही चित्रकार होते. कुटुंबाने जतन केलेल्या ठशांवरून हिरोशी यांच्या मृत्यूनंतरही प्रती छापल्या गेल्या. त्यांवर ‘जिझुरी’ शिक्का नसतो व पेन्सिलीने केलेल्या सहीऐवजी छापील सही असते. संग्राहक एखादी प्रत हाती आल्यावर प्रथम तिचा डावा समास पाहतात तो याच कारणाने.